दाभोळ–धोपावे फेरीबोट: वेळ वाचते, पण सुकती बघून निघा

दापोलीकडून गुहागरला गाडी न्यायची तर दोन वाटा आहेत. एक, खेड आणि चिपळूण करत वाशिष्ठी खाडीला पूर्ण वळसा घालायचा. घाट-वळणांसकट शंभरावर किलोमीटर होतात आणि अर्धा दिवस जातो. दुसरी, दाभोळच्या जेटीवर उतरायचं, गाडी फेरीबोटीत घालायची आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे धोपाव्याला निघायचं. तिथून गुहागर पंधरा-वीस किलोमीटर. २००३ पासून ही सेवा चालू आहे आणि कोकण किनाऱ्यावर गाड्या वाहून नेणाऱ्या फेऱ्यांची सुरुवात इथूनच झाली. सेवा चांगली आहे, भरवशाची आहे, आणि दापोली–गुहागर–गणपतीपुळे अशी किनाऱ्याने सहल करणाऱ्याला दुसरा शहाणा पर्याय नाही. पण आपण कधी पोचतो यावर तिचा अनुभव फार बदलतो. कारण पाणी.

आधी जागा समजून घ्या. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावून चिपळूणवरून येते, खेडकडची जगबुडी तिला मिळते आणि दाभोळपाशी ती समुद्राला लागते. उत्तरेच्या काठावर दाभोळ, तालुका दापोली. दक्षिणेला धोपावे, वेलदूर, अंजनवेल, तालुका गुहागर. जेट्या खाडीच्या तोंडाच्या जरा आत आहेत, त्यामुळे उघड्या समुद्राची लाट बोटीला थेट लागत नाही. तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो लाटेचा जोर आधीच मोडतो. म्हणून मुरुड-जंजिऱ्याच्या किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या प्रवासी होड्या पावसाळ्यात बंद होतात तेव्हाही ही फेरी बहुतेक दिवस चालते. बंदरावर बावटा लागला, वारा फारच वाढला किंवा खाडीला पूर आला की थांबवतात. जून-जुलैत निघायच्या आधी फोन करून खात्री केलेली बरी. ऐन जेटीवर पोचून कळलं तर परत दापोली चढून चिपळूण गाठायची पाळी येते.

आता भरती-ओहोटी. मुंबईइतका फरक इथे पडत नाही, तरी उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, दोन-अडीच मीटर पाणी खाली-वर होतं. जेटी म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरतीला बोट या उताराच्या वरच्या, कोरड्या भागाला लागते. बोटीचा फाळका, म्हणजे गाडी चढवायला खाली टाकतात ती फळी, उतारावर जवळजवळ आडवा टेकतो आणि गाडी सरळ आत जाते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बोट खाली उतरलेली असते. तेव्हा गाडीला शेवाळलेल्या, ओल्या भागावरून खाली जावं लागतं, आणि उतार आणि फाळका यांच्यामध्ये कोन तयार होतो. घासाघासी होते ती इथेच. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर फाळक्याच्या कडेला लागतो. पुढचा भाग वाचला तर मागचा लागतो. टेम्पो ट्रॅव्हलर, लांब शेपटीच्या मिनीबस आणि मागे सायकल-स्टँड लावलेल्या गाड्या यांना जास्त त्रास, कारण मागच्या चाकांच्या मागे गेलेलं अंग लांब असतं आणि चढताना तेच जमिनीला टेकतं. गाडीत माणसं आणि डिकीत सामान भरलेलं असेल तर मागचं स्प्रिंग आणखी बसतं. उपाय सोपा आहे. चालक सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं. तेवढं वजन कमी झालं की गाडी दोन-तीन बोटं उचलली जाते आणि तेवढं पुरतं. तसंही चढता-उतरताना खलाशी माणसांना उतरवतातच. त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

भरती कधी हे कळायला मोबाइलवर तक्ते आहेतच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चोख आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण गाडी कधी घालायची हे ठरवायला हा हिशेब भरपूर झाला.

यातून एक अडचणीची गोष्ट निघते, ती बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त उतरतं, आणि उतरायची वेळ पडते संध्याकाळी पाच-साडेपाच. नेमकं त्याच वेळी, सूर्यास्त पलीकडे बघू म्हणून, पर्यटकांच्या गाड्या जेटीवर येतात. शिमगा पौर्णिमेचा, दिवाळीची अमावास्या, दोन्हीकडे हेच गणित. गाडी बुटकी असेल तर अशा दिवशी दुपारी एक-दीडच्या आत पार व्हा, नाहीतर रात्री आठनंतरची फेरी असेल तर ती धरा. गणपतीत वेगळं आहे. तृतीया-चतुर्थीला सुकती सकाळी साडेआठ-नवाच्या आसपास येते, पण उधाण ओसरायला लागलेलं असतं, त्यामुळे पाणी इतकं खोल जात नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी असतं, तेव्हा दिवसभरात केव्हाही गेलात तरी चालतं.

गाडी चढवताना पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, आणि एकसारखा वेग. शेवाळावर ब्रेक मारला की चाकं जागच्या जागी लॉक होऊन गाडी घसरत पाण्याकडे जाते. अर्ध्या क्लचवर खेळणारे आणि मधेच थांबणारे सर्वांत जास्त अडकतात. कोणत्या बोटीत सरळ घुसायचं आणि कोणत्यात उलटी घ्यायची हे बोटीवर आणि त्या वेळच्या गर्दीवर अवलंबून असतं. खलाशाच्या हाताकडे बघा, आरशात बघू नका. तो गाडी शेजारच्या गाडीला वीतभर अंतरावर लावतो, आणि त्याचा अंदाज तुमच्या सेन्सरपेक्षा चांगला असतो. ट्रक, मिनीबस मध्यभागी घेतात, कार दोन्ही अंगांना, दुचाक्या उरलेल्या फटीत. वजन एका बाजूला गेलं तर बोट कलते आणि फाळका जेटीवर तिरका बसतो, म्हणून हा क्रम. रांगेत तुमच्या मागची गाडी आधी आत गेली तर ती वशिल्याने गेली असं समजू नका. बहुतेक वेळा ते वजनाचं गणित असतं.

आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. मोटारसायकल साइड स्टँडवर सोडून कठड्याशी फोटो काढायला जाणारे बरेच दिसतात. ते चुकीचं आहे. गिअर टाकून मेन स्टँडला लावा किंवा हाताने धरून उभे राहा. मासळीचे टेम्पो याच बोटीतून जातात आणि त्यांचं पाणी डेकवर गळतं, त्यामुळे लोखंडी पत्रा बुळबुळीत असतो. सपाट तळाच्या रबरी चपला घालून इथे धावणाऱ्या पोरांना आधी आवरा. गाडीच्या आत बसून राहणं टाळा, आणि बसावंच लागलं, म्हणजे म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर काचा खाली आणि दारं अनलॉक ठेवा. लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते चढल्याबरोबर बघून घ्या, विचारायची लाज वाटू देऊ नका.

मध्यावर गेल्यावर एक बघण्यासारखं असतं. सुकतीचं पाणी जोरात समुद्राकडे धावत असतं तेव्हा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, बोटीचं तोंड धोपाव्याच्या जेटीकडे ठेवतच नाही. तो ते खाडीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे, चांगलं तिरकं धरतो. इंजिन बोटीला वर ढकलतं, पाणी तिला खाली ओढतं, आणि या ओढाताणीतून ती आडवी सरकत बरोबर जेटीसमोर येते. भरती चढत असेल तर तोंड समुद्राकडे. भरती आणि सुकती यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे पूर्ण भरतीनंतर तीनेक तासांनी, हा ओढा सर्वांत जास्त असतो. वाशिष्ठीला उन्हाळ्यातही पाणी कमी पडत नाही, कारण कोयनेच्या वीजगृहांतून निघालेलं पाणी सह्याद्रीच्या या बाजूला तिच्यातच सोडतात. पावसाळ्यात त्याच्यावर पूर येतो. दहा मिनिटांची फेरी अशा वेळी पंधरा-वीस मिनिटांची होते. तो वेळ सुकाणू सांभाळण्यात जात असतो.

तिकीट वाहनाच्या प्रकारावर आहे, माणसांचं वेगळं. दर डिझेलप्रमाणे बदलतात, जेटीवरच्या फलकावर लिहिलेले असतात, तेच खरे धरा. जुन्या सहलवर्णनांतले आकडे घेऊन खिडकीशी वाद घालू नका. सुटे पैसे जवळ ठेवा. वळशाच्या डिझेलशी तुलना केली तर फेरी नेहमीच स्वस्त पडते, याबद्दल शंका नको.

कमी काय आहे? जेटीकडे जाणारा दाभोळचा रस्ता. डोंगर उतरून गाव सुरू झालं की रस्ता अरुंद होतो आणि बाजारातून जातो. सुट्टीच्या दिवशी एक बोट रिकामी होत असते आणि दुसरीसाठी रांग लागलेली असते, दोन्हीकडच्या गाड्या याच चिंचोळ्या वाटेवर समोरासमोर येतात. मे महिन्यात, नाताळात, शिमग्याला आणि गणपतीच्या आदल्या दोन दिवशी तास-दीड तास रांगेत जाणार हे धरूनच निघा. सावली पुरेशी नाही. स्वच्छतागृहाची सोय दापोलीत किंवा गुहागरला उरकलेली बरी, पेट्रोलचंही तसंच. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. ती फेरी वेळेवर सुटते, आणि तुम्ही घाट उतरताना तिचा दिवा खाडीत दिसला तर ती तुमच्यासाठी मागे फिरत नाही.

रांगेत वेळ जाणारच असेल तर चालक गाडीत ठेवा आणि बाकीच्यांनी दाभोळ बघा. लोक या गावातून नुसते पार होतात, हे खरं तर दाभोळच्या वाट्याला आलेलं मोठं नुकसान. बहमनी काळात आणि नंतर आदिलशाहीत पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत याची गणना होत असे. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे इथे उतरत आणि घाट चढून दख्खनच्या दरबारांत जात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून बिदरपर्यंत फिरला आणि १४७२ च्या सुमारास परतीला जहाजात चढला ते याच दाभोळला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडाने गाव जाळलं आणि माणसं कापली. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता, तो राग होता. तिथून तो दीवला गेला. १६६१ च्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी दाभोळ घेतलं.

त्या काळाची एक साक्ष जेटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शाही मशीद, गावात तिला अंडा मशीदही म्हणतात. विजापूरच्या घडणीचा मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार, समोर पाण्याचा हौद. विजापूरची एक शाहजादी हजला निघाली, समुद्रावरच्या धोक्यामुळे तिला इथे थांबावं लागलं आणि जवळच्या पैशातून तिने मशीद बांधली, अशी गावातली कथा आहे. कोकणात या तोडीची आदिलशाही इमारत दुसरी सापडणं कठीण. पंधरा मिनिटांत बघून होते. दुसरं ठिकाण गावाबाहेर, वरच्या अंगाला, चंडिकेचं. त्याला मात्र गाडी लागते, म्हणून ते जेटीवर यायच्या आधी उरका. देवी गुहेत आहे. दार बुटकं, वाकून आत जायचं, आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडातच दर्शन. डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही, मग हळूहळू शेंदरी मूर्ती दिसू लागते. मोबाइलची बॅटरी पेटवू नका.

गाव कोकणी मुसलमान, खारवी, भंडारी, कुणबी अशा वस्त्यांचं आहे. मुंबई-गोवा किनाऱ्यावर आगबोटी चालत होत्या तेव्हा दाभोळ हा थांबा होता. इथून वर गोवळकोटपर्यंत लहान बोटी जात आणि चिपळूणचा माल तसाच खाली येई. रस्ते झाले, आगबोटी बंद पडल्या, आणि दाभोळ आडबाजूला पडलं. फेरीबोटीने ते पुन्हा वाटेवर आलं. खाडीच्या दोन्ही काठांवर खारव्यांची वस्ती आहे, सोयरिकी आहेत, मासळीचा व्यवहार आहे. ही माणसं पूर्वीही होडीच्या तरीने ये-जा करतच होती. नवं झालं ते एवढंच की टेम्पो, रिक्षा, मोटारसायकल बरोबर नेता येऊ लागली. सकाळच्या फेरीत पर्यटक जवळजवळ नसतात. मासळीच्या टोपल्या, शाळा-कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं असतात. सकाळी लवकर गेलात तर त्यांना आधी चढू द्या.

धोपाव्याला उतरल्यावर एक घोटाळा टाळा. नकाशात किंवा जुन्या बातम्यांत ‘दाभोळ वीज प्रकल्प’ वाचून लोक तो दाभोळला शोधतात. तो या दक्षिण काठावर, अंजनवेल-रानवी-वेलदूरच्या जमिनीवर आहे. एन्रॉनच्या कंपनीला उत्तर काठावरच्या गावाचं नाव मिळालं आणि जमिनी गेल्या गुहागर तालुक्याच्या. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये तो बंद पडला, आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून तो तिच्याकडे दिला. फेरीतून उजव्या हाताला समुद्राच्या बाजूने चिमण्या आणि टाक्या दिसतात त्या याच्या.

त्याच्याही पुढे, खाडीच्या तोंडावरच्या टेकडीवर गोपाळगड आहे. तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून घेतला तेव्हा हे नाव पडलं. खंदक आणि तट अजून चांगले आहेत, आत आमराई. जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. गुहागरला जायच्या वाटेवर यासाठी तास-दीड तास काढा. खाडीच्या तोंडावर कोणाचा तट, त्याच्या हातात दाभोळचा व्यापार, हे त्या तटावर उभं राहिलं की नकाशाशिवाय कळतं.

किनाऱ्याने सलग जायचं असेल तर उत्तरेकडून क्रम असा आहे: आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. चारही पार केल्यात तर मुरुड-जंजिऱ्याहून गणपतीपुळ्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्गाचं तोंड बघावं लागत नाही. एका दिवसात चारही करायचा अट्टहास करू नका. प्रत्येक ठिकाणी भरती जवळजवळ एकाच वेळी येते, म्हणजे एका जेटीवर सोयीचं पाणी मिळालं तर दोन जेट्यांनंतर सुकती गाठतेच. हरिहरेश्वर, दापोली किंवा गुहागर यांपैकी एका ठिकाणी मुक्काम टाका. सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे. ते होईपर्यंत फेरीच.

मुंबई-पुण्याहून थेट गुहागरला जाणाऱ्याने मात्र या वाटेला येऊ नये. चिपळूणवरून जावं, तेच जवळ. ही फेरी त्यांच्यासाठी, ज्यांचा मुक्काम आधीच दापोली, तिथलंच मुरुड, कर्दे, हर्णै या पट्ट्यात आहे.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो सावली आणि रांगेच्या व्यवस्थेसाठी. पार झाल्यावर पहिल्या मुक्कामी गाडीचा तळ आणि चाकांच्या आतल्या बाजू गोड्या पाण्याने धुऊन घ्या. सुकतीला गाडी घातली असेल तर नक्की, कारण ओल्या उतारावरचं खारं पाणी चाकं वर उडवतात आणि ते ब्रेकच्या चकत्यांवर आणि सायलेन्सरच्या जोडांवर बसतं. रात्रीतून चकत्यांवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, सकाळी चार-पाच वेळा हलका ब्रेक मारला की तो निघून जातो. सायलेन्सरच्या जोडांवरचा गंज मात्र तसा निघत नाही.